नकोशा वस्तू आणि दानाची नीती

१

दानाविषयी भारतीय भाषांत जे विपुल लेखन झाले आहे, त्यातील बहुतेक दात्याला उद्देशून आहे. काय द्यावे, केव्हा द्यावे, किती द्यावे, कोणत्या भावनेने द्यावे, याची चर्चा धर्मग्रंथांपासून कीर्तनापर्यंत सर्वत्र आढळते. घेणारा कसा असावा याचाही विचार झालेला आहे. परंतु घेणाऱ्याला ती वस्तू हवी आहे काय, आणि नको असल्यास त्याला तसे म्हणता येते काय, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. एरवी तो उपेक्षित राहिल्याने व्यवहार अडत नाही. २०२० साली मात्र तो अडला. करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, माणसे घरांत कोंडली गेली, आणि सक्तीच्या रिकामपणात शहरांतील अनेक कुटुंबांनी आपापली कपाटे उपसली. माळ्यावरची पितळी भांडी, आखूड झालेले कपडे, मुलांची उष्टावलेली खेळणी, दुसरा घेतल्यामुळे मागे पडलेला मिक्सर, पाहुण्यांसाठी राखलेल्या आणि पाहुणे येईनासे झाल्यावर नुसत्याच पडून राहिलेल्या गाद्या, असे सारे बाहेर निघाले. ते दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण ते घ्यायला कोणी येईना. हे आता कोणाला द्यायचे, असा प्रश्न त्या दिवसांत घरोघर विचारला गेला.

वरवर पाहता हा प्रश्न सोयीचा आहे. एखादा पत्ता मिळाला की सुटणारा. इतर देशांतही तो याच रूपात पडला. इंग्लंडमध्ये जुन्या वस्तू स्वीकारून विकणारी धर्मादाय दुकाने मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि १५ जूनपासून पुन्हा उघडू लागली; मधल्या काळात बंद दारांपुढे सामानाच्या पिशव्या ठेवून जाऊ नये, अशी विनंती लोकांना करावी लागली. थोडे थांबून पाहिले तर या एका प्रश्नात दोन निराळे प्रश्न गुंतलेले दिसतात. ही वस्तू घरातून कशी जाईल, हा पहिला. आणि ही वस्तू कोणाच्या उपयोगी पडेल, हा दुसरा. पहिला सुटकेचा आहे, दुसरा दानाचा. साधारण काळात या दोहोंचे उत्तर एकाच माणसाच्या रूपाने दाराशी येते, म्हणून त्यांतील भेद जाणवत नाही. साथीने तो माणूस दूर ठेवला आणि भेद उघडा पडला.

२

कठोपनिषदाचा आरंभ अशाच एका प्रसंगाने होतो. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ केला. दक्षिणा म्हणून ज्या गाई नेल्या जात होत्या त्या थकलेल्या होत्या. त्यांचे खाणेपिणे सरत आले होते, दूध आटले होते, विण्याची शक्ती उरली नव्हती. त्याचा मुलगा नचिकेता त्या वेळी कुमारवयाचा होता. त्या गाई पाहून त्याच्या मनात श्रद्धा जागी झाली, असे उपनिषद सांगते. अशा गाई देणाऱ्याची गती सुखाची नाही, हे त्याला कळले. त्याने वडिलांना दोष दिला नाही. आपल्याला कोणाला देणार, एवढेच त्याने विचारले आणि उत्तर येईना म्हणून तीनदा विचारले. संतापलेल्या पित्याने त्याला मृत्यूला देऊन टाकले.

पुढे येणारा यम आणि नचिकेता यांचा संवाद इतका थोर आहे की हा आरंभ केवळ प्रास्ताविक म्हणून मागे पडतो. नीतीच्या दृष्टीने मात्र तो स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. वाजश्रवसाने जे दिले ते खरोखर त्याचे होते, आणि गाई मोजल्या असत्या तर संख्याही भरली असती. उणीव इतकीच की त्या गाई त्याला नकोशा झाल्या होत्या आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात त्यांचा भारच होणार होता. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. पुण्य मात्र पहिल्याकडेच राहावयाचे होते. नचिकेत्याने दानाची वस्तू कशी आहे हे न विचारता ती कोणाकडे जाणार हे विचारले, यात त्याची सूक्ष्म दृष्टी दिसते. घेणारा डोळ्यांपुढे उभा केला की वस्तूचे खरे मोल आपोआप समोर येते.

धर्मशास्त्रकारांना घेणाऱ्याचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. देवलाने दानाची सहा अंगे सांगितली आहेत: दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्माने मिळवलेली देय वस्तू, देश आणि काल. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणीचा दानखंड रचला, आणि पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्या विचाराचा साक्षेपी परामर्श घेतला. गीतेच्या सतराव्या अध्यायातही दानाची प्रतवारी देश, काल आणि पात्र यांवरून लावलेली आहे. परंतु या परंपरेत पात्रता म्हणजे बहुधा विद्या, तप आणि आचार यांची योग्यता. घेणाऱ्याची गरज पात्रतेत नेहमीच मोजली जाते असे नाही, आणि त्याची इच्छा तर क्वचितच.

या संदर्भात स्वत्वाविषयीचा एक जुना वाद उद्बोधक आहे. दान पुरे होते केव्हा? विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचे मत असे की, दात्याने आपला हक्क सोडणे पुरेसे नाही. दुसऱ्याने स्वीकार केला म्हणजे दान सिद्ध होते. जीमूतवाहनाच्या दायभागाचे मत वेगळे: सचेतन व्यक्तीला उद्देशून दात्याने त्याग केला की तेवढ्यानेच तिचे स्वत्व उत्पन्न होते. कायद्याच्या पोथीतला हा भेद टाळेबंदीच्या काळात घराघरांतून अनुभवाला आला. पिशवी बांधून ती कोणासाठी तरी दाराबाहेर ठेवणाऱ्या माणसाला, आपण दिले, असे वाटते. दायभागाचा आधार घेऊ पाहणाऱ्यालाही तेथे एक अडचण येते. त्या त्यागात उद्दिष्ट व्यक्ती कोण, हे त्याला सांगता येत नाही. मिताक्षरेच्या दृष्टीने तर दान अजून सुरूच व्हावयाचे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२२ व्या कलमानेही स्वीकाराची अट घातली असून तो दात्याच्या हयातीत झाला पाहिजे असे म्हटले आहे. स्वीकाराविना दान नाही, हे तत्त्व कायद्याला मान्य आहे. नीतीला ते त्याहून अधिक मान्य असावयास हवे.

३

शहरी घरातील नकोशी वस्तू एरवी जात होती कोठे? याचे उत्तर पाहू लागले की दानाचा वाटा फारच थोडा असल्याचे दिसते. जुने कपडे बोहारीण नेत असे. मुंबईत तिला भांडीवाली म्हणतात. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील अनेक स्त्रियांनी हा व्यवसाय पिढ्यानपिढ्या केला. स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन ती दाराशी बसते, साडी उलगडून उजेडासमोर धरते, काठ आणि पदर पाहते, विजारीचे गुडघे चाचपते, शर्टाची कॉलर उलटून बघते आणि मग एका पातेल्याचा भाव ठरतो. जे विकले जाणार नाही ते ती परत करते. नेलेले कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री मारून जुन्या बाजारात जातात. दिल्लीत रघुबीर नगरचा असा बाजार पहाटेच भरतो. नेसण्याजोगे नसलेले सुती कापड कारखान्यांत यंत्रे पुसायला जाते. लोकरीचे कपडे पानिपतला जातात. तेथे ते पिंजून त्यांचे सूत काढतात आणि त्या सुताची स्वस्त ब्लँकेटे होतात. आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या ब्लँकेटांत या ब्लँकेटांचा मोठा भरणा असतो. कागद रद्दीवाल्याकडे, लोखंड आणि प्लॅस्टिक भंगारवाल्याकडे. उरलेल्या ज्या वस्तू विकता येत नाहीत पण टाकवतही नाहीत, त्या घरकाम करणाऱ्या बाईला दिल्या जातात.

मार्च २०२० मध्ये ही सारी साखळी एकदम तुटली. मुंबईची लोकल गाडी सर्वसामान्यांसाठी बंद झाली. ती ठरावीक वेळांत का होईना, सर्वांना खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी. उपनगरांतून येणारी भांडीवाली त्यामुळे येऊ शकली नाही. भंगारवाल्याची हातगाडी थांबली. अनेक गृहनिर्माण संस्थांनी घरकाम करणाऱ्या स्त्रियांना फाटकातच अडवले. तेव्हा जे उघड झाले ते असे: घरातील वस्तू इतकी वर्षे सुखाने बाहेर जात होत्या त्या देणाऱ्याच्या औदार्यामुळे कमी आणि नेणाऱ्यांच्या श्रमामुळे अधिक. निवडणे, वाहणे, धुणे, सांधणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवणे हे दानाचे खरे कष्टाचे काम नेणाराच करत होता.

यातून आणखी एक विचार पुढे येतो. बोहारणीचा व्यवहार हा सौदा आहे. त्यात पुण्य नाही. घरकाम करणाऱ्या बाईला दिलेली साडी हे दान आहे. तरीही प्रतिष्ठेच्या कसोटीवर सौदा वरचढ ठरतो, कारण बोहारीण नाही म्हणू शकते. कामावर येणाऱ्या बाईला ते सहजासहजी म्हणता येत नाही. विटलेली साडी, झाकण नसलेला डबा, एका बाजूने पेटणारी शेगडी हे सारे तिला हसतमुखाने घ्यावे लागते, कारण देणारा हात आणि पगार देणारा हात एकच असतो. घरी नेऊन ती त्यातले निम्मे तिसऱ्याला देते किंवा कचऱ्यात टाकते. टाकण्याचे कामही अशा रीतीने तिच्यावर येते. टाळेबंदीत काही घरांनी या स्त्रियांचा पगार काम नसतानाही चालू ठेवला, काहींनी ठेवला नाही. ज्या घराने पगार थांबवला आणि फाटकापाशी जुन्या कपड्यांचे गाठोडे दिले, त्या घराने दान केले असे म्हणता येणार नाही. देणे आधी फेडावे लागते, दान त्यानंतर येते. ज्यांचा भार आपल्यावर आहे त्यांना दुःखात ठेवून परक्यांना देणाऱ्याच्या धर्माला मनुस्मृतीनेही धर्माचा केवळ आभास म्हटले आहे.

४

साथीच्या काळात देण्याघेण्याला आणखी एक अडसर होता, तो वस्तूच्या भयाचा. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार हा विषाणू प्रयोगशाळेत प्लॅस्टिक आणि पोलादावर ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत तग धरत असल्याचे आढळले होते. इंग्लंडमधील दुकाने पुन्हा उघडली तेव्हा आलेल्या वस्तू तीन दिवस वेगळ्या ठेवण्याची पद्धत पडली ती यामुळेच. पुढे संसर्ग मुख्यतः श्वासावाटे, हवेतून होतो हे स्पष्ट झाले आणि वस्तूंचे भय ओसरले. परंतु काही महिने दुसऱ्याच्या घरातून आलेली प्रत्येक वस्तू संशयास्पद ठरली होती.

हे भय नवे नव्हते. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा रँड यांच्या अधिकाराखाली सोल्जरांनी घरे तपासली आणि दूषित समजून घरांतले सामान बाहेर काढून जाळले. त्या वेळी लोकांच्या संतापाचे एक कारण या वस्तूंचे झालेले हाल हेही होते. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. याहून भीषण उदाहरण अमेरिकेतले आहे. १७६३ च्या जूनमध्ये फोर्ट पिट या किल्ल्यात बोलणी करायला आलेल्या डेलावेअर जमातीच्या प्रतिनिधींना परत जाताना दोन ब्लँकेटे आणि एक रुमाल भेट देण्यात आला. त्या वस्तू देवीच्या रोग्यांच्या इस्पितळातून मुद्दाम आणलेल्या होत्या. त्या भेटीने रोग प्रत्यक्षात किती पसरला याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, हेतूविषयी नाहीत. भेट म्हणून दिलेली वस्तू शस्त्र होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

भारतीय परंपरेने हे भय निराळ्या पातळीवर आधीच ओळखले होते. मृताच्या मागे शय्यादान केले जाते; अंथरूण, पांघरूण, छत्री, पादत्राणे दिली जातात. ते दान घेणाऱ्याबद्दल मात्र समाजाने आदर बाळगला नाही. अंत्यविधी करणाऱ्या किरवंताला इतर ब्राह्मणांनीही दूर ठेवले, आणि प्रेमानंद गज्वी यांनी आपल्या ‘किरवंत’ या नाटकात हे दुःख मराठी रंगभूमीवर आणले. घेतलेल्या वस्तूबरोबर दात्याचे अशुभही येते, ही यामागची समजूत आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटवस्तूवरील आपल्या निबंधात देणे, घेणे आणि परत करणे या तीन बंधनांची मीमांसा करताना प्राचीन भारतीय दानविचाराचाही आधार घेतला होता. ग्लोरिया रहेजा यांनी १९८८ मध्ये उत्तर भारतातील एका गावाच्या अभ्यासातून दानाबरोबर जाणाऱ्या या विषाचेच विवेचन केले. साथीत या समजुतीला काही काळ देहाचा आधार मिळाला. देणाऱ्याला प्रथमच असा विचार करावा लागला की, आपल्या घरातून निघालेली वस्तू घेणाऱ्याला बाधेल काय. हा विचार साथ नसतानाही करावयास हवा होता. फुटक्या कानाचा कुकर, उघड्या तारेचा पंखा, मुदत संपलेले औषध या वस्तूही बाधतातच. फक्त त्यांना विषाणूचे नाव नाही.

५

कोणाला, या प्रश्नाचे एक उत्तर परंपरेने निःसंदिग्धपणे दिलेले आहे, आणि त्या उत्तराला सामोरे गेल्याशिवाय हा विचार प्रामाणिक होणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्याचा कोंडा आणि घरातील जुने सामान द्यावे असे सांगितले आहे. त्याच अध्यायात चांडालाच्या वाट्याला प्रेतावरची वस्त्रे आणि फुटकी भांडी येतात. घरातील नकोशा वस्तूंची विल्हेवाट लावण्याची ही शास्त्रोक्त व्यवस्था होती. तीत घेणाऱ्याचे नाव ठरलेले होते, पत्ता ठरलेला होता, वस्तूची प्रतही ठरलेली होती. महाराष्ट्रातील गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महाराचा हक्क म्हणून मोजला गेला. हक्क या शब्दाचा इतका क्रूर उपयोग क्वचितच झाला असेल. दया पवार यांच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बलुतं’ या आत्मकथनाचे नावच या व्यवस्थेकडे बोट दाखवते.

डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत उष्टे, शिळे आणि मेलेल्या जनावराचे मांस घेणे सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. या घटनांकडे सामान्यतः समतेच्या लढ्यातील टप्पे म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. दानाच्या नीतीच्या दृष्टीने त्यांचे वेगळे महत्त्व असे की, येथे घेणाऱ्याने बोलावयास आरंभ केला आणि त्याचा पहिला शब्द नकाराचा होता. हा नकार देताना घरात भरपूर होते असे नाही. भूक होती, उघडेपण होते. तरीही घेण्याने जे गमावावे लागते ते मिळणाऱ्या वस्तूहून मोठे आहे, हे त्या माणसांनी ओळखले. त्यानंतर कोणालाही निर्धास्तपणे असे म्हणता येत नाही की, गरिबाला काहीही चालते. टाळेबंदीत कपाट आवरणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य सहज येत असे. त्याचे मूळ कोठे आहे हे बोलणाऱ्याला बहुधा ठाऊक नव्हते.

६

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. इतकी चिकित्सा करत बसले तर देणेच थांबेल. मे २०२० मध्ये शहरांतून गावाकडे निघालेले हजारो मजूर महामार्गांवरून चालत होते. त्यांच्या चपला झिजून तुटल्या होत्या. रस्त्यालगतच्या लोकांनी पाणी, जेवण आणि चपला दिल्या. त्या चपला जुन्या आहेत काय, घेणाऱ्याची प्रतिष्ठा राखली जाते काय, असले प्रश्न कोणी विचारले नाहीत, आणि विचारले असते तर ते अमानुष ठरले असते. तापलेल्या डांबरावर अनवाणी चालणाऱ्या पायाला नव्या-जुन्याचा भेद नसतो. तेव्हा नकोशी वस्तू देणे हे मुळातच हीन आहे असे म्हणणे म्हणजे न देण्याला तात्त्विक सबब पुरवणे होय.

ही शंका बळकट आहे आणि तिच्यातूनच उत्तराची दिशा मिळते. महामार्गावर चपला देणारा माणूस मजुराचे पाय पाहत होता. त्याने आपल्या कपाटापासून आरंभ केला नव्हता. समोरच्या माणसाच्या अडचणीपासून केला होता. वस्तू जुनी की नवी यावर दानाचे मोल ठरत नाही, विचाराचा आरंभ कोठून झाला यावर ते ठरते. साथीच्या काळातील दुसरे उदाहरण मोबाइलचे आहे. शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाइलवर आले, आणि ज्या घरात एकच फोन होता व तोही कामावर जाणाऱ्या बापाबरोबर जात असे, त्या घरातील मुलांची शाळा खरोखर बंद पडली. त्याच वेळी दुसऱ्या घराच्या खणात दोन वर्षांपूर्वीचा फोन पडून होता. येथे नकोशी वस्तू आणि तीव्र गरज यांची गाठ पडत होती. मात्र तो फोन दोन तासांत बंद पडत असेल, चार्जर नसेल, तडा गेलेल्या काचेमुळे अक्षरे वाचता येत नसतील, तर मूल पुन्हा तेथेच राहते. नवी बॅटरी घालून आणि महिन्याचा रिचार्ज करून फोन देणाऱ्याने त्या मुलाचा विचार केला. तसाच काढून देणाऱ्याने खणाचा केला. दोन्ही फोन एकाच किमतीचे असू शकतात.

असा भेद मोठ्या चळवळींतही दिसला आहे. विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ केला तेव्हा दान म्हणजे सम्यक् विभागणी, हा शंकराचार्यांनी केलेला अर्थ त्यांच्या विचाराच्या मुळाशी होता. भूमिहीनाला मिळणारी जमीन ही कृपा नसून त्याचा वाटा आहे, ही त्यांची भूमिका. लक्षावधी एकर जमीन मिळाली. परंतु तिच्यातील बरीच खडकाळ, नापीक किंवा तंट्याबखेड्यात अडकलेली निघाली. दात्यांनी वाजश्रवसाच्याच गाई दिल्या होत्या. तत्त्व कितीही उदात्त असले तरी घेणाऱ्याला त्या जमिनीत काय पिकेल, हा प्रश्न विचारला गेला नाही तर हाती नकोसेच येते.

२००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. किनाऱ्यावरील माणसे गरजू होती, पण ते कपडे त्यांच्या वापराचे नव्हते. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने ते गोळा करून त्यांची निवड केली आणि त्यांना निरनिराळे उपयोग शोधले. या संस्थेच्या कामात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे निवड: नेसण्याजोगे कपडे वेगळे, उरलेल्या सुती कापडाच्या मासिक पाळीसाठी घड्या, चिंध्यांची गोधडी. दुसरी म्हणजे मोबदला: गावकऱ्यांनी विहीर खणावी, रस्ता किंवा बंधारा दुरुस्त करावा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या विचारासाठी. श्रमाच्या मोबदल्यात जुने कापड देणे हा न्याय्य वेतनाचा पर्याय होऊ शकत नाही, असा आक्षेप घेता येईल आणि त्यात तथ्य आहे. परंतु हात पसरून घेण्याऐवजी हाताने कमावून घेण्याची मोकळीक घेणाऱ्याला मिळते, हेही खरे. बोहारणीच्या सौद्यात जे स्वातंत्र्य होते त्याचा काही अंश येथे दानात आणलेला आहे.

७

तैत्तिरीय उपनिषदात गुरुगृह सोडून निघालेल्या शिष्याला देण्याविषयी जो उपदेश आहे, त्यात श्रद्धेबरोबर लाज, भय आणि जाण यांचाही उल्लेख येतो. श्रद्धेने द्यावे हे सहज पटते. लाजून का द्यावे, भिऊन का द्यावे, याचा उलगडा मात्र सुबत्तेच्या काळात नीट होत नाही. २०२० आणि २०२१ या वर्षांनी तो काहीसा केला. ज्याच्या घरात देण्याइतके साठले आहे त्याने ते दुसऱ्याच्या उघडेपणासमोर साठवले होते, म्हणून लाज. आपल्या हातून जाणारी वस्तू दुसऱ्याला बाधू शकते, म्हणून भय. आणि घेणारा कोण आहे, त्याला काय हवे आहे, तो नाही म्हणू शकतो काय, हे ठाऊक असावे, म्हणून जाण.

मराठी घरात जुने लुगडे विरले की त्याची गोधडी होत असे, गोधडी विरली की पायपुसणे, आणि शेवटची चिंधी चूल पुसायला. वस्तू तिच्या अखेरीपर्यंत त्याच घरात राही, त्यामुळे ती नकोशी होण्याची वेळ येत नसे. ती व्यवस्था दारिद्र्याची होती आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही घेताना वस्तूच्या शेवटाचा विचार करणे ही तिची एक रीत आजही उपयोगी आहे. कोणाला देणार, हा प्रश्न कपाट आवरताना पडतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. तो वस्तू विकत घेताना पडावयास हवा. टाळेबंदी उठल्यावर भांडीवाली पुन्हा येऊ लागली, फाटके उघडली, दाराशी साचलेली गाठोडी हलली, आणि ज्यांना तो प्रश्न पडला होता त्यांच्यापैकी बहुतेकांना तो सुटल्यासारखा वाटला. सुटला होता तो पहिला प्रश्न, सुटकेचा. दुसरा तसाच राहिला.

नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. तो दिला गेला होता. घरी कोणी नसल्यामुळे त्याचा स्वीकार मात्र झालेला नव्हता. यम परतला तेव्हा ही आपली चूक झाली असे मानून त्याने तीन वर दिले. पहिल्या वराने नचिकेत्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. वडिलांचा राग निवावा आणि आपण परत जाऊ तेव्हा त्यांनी आपल्याला ओळखून जवळ घ्यावे, असे त्याने मागितले. ज्याने देणाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारला होता, त्याच्या मनात देणाऱ्याविषयी वैर नव्हते. घेणाऱ्याच्या बाजूने येणारा नकार दात्यालाही याच रीतीने ऐकता आला पाहिजे.